कामावरचा ताप, आणि मध्येच भेटलेलं माणूस : अनुभव धागा

मी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघते. जीएसटीआर-३बी (जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र) भरायची शेवटची तारीख २०, हे आमच्या मालकांना पाठ आहे. तरी खरेदीची बिलं १९च्या संध्याकाळीच माझ्या टेबलावर येतात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली, काही तेलाने आरपार दिसणारी, एखाद्यावर कुणीतरी मोबाइल नंबर खरडलेला. त्या नंबराखालीच नेमकी बिलाची रक्कम असते. मग पुरवठादाराला फोन. तो म्हणतो, "मॅडम, बिल दिलंय ना?" आणि तिथून पुढे सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं.

यात अन्याय वगैरे काही नाही, नुसता ताप आहे. मला असलंच ऐकायचंय. मोठे घोटाळे, छळ, कोर्टकचेऱ्या इथे नकोत. रोज डोकं उठवणारं काय ते लिहा. आणि न मागता कुणी हात दिला असेल तर तेही लिहा, पण "देवमाणूस भेटला" एवढ्यावर भागवू नका. त्या माणसाने नक्की केलं काय, ते सांगा. ऑफिसचं, साहेबाचं नाव नको. काम कुठलं आणि भाग कुठला, एवढं पुरे.

बँकेत काउंटरवर, तालुक्याचं गाव, सोलापूर जिल्हा

नोव्हेंबर. एवढा एक शब्द लिहिला तरी बँकेतल्या लोकांना पुढचं कळेल.

पेन्शनरांच्या हयातीच्या याद्या येतात. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी यादीत आपलं नाव शोधायचं आणि सही किंवा अंगठा करायचा. ज्यांना डिजिटल दाखला हवा (जीवन प्रमाण, २०१४ पासून) त्यांचा अंगठा मशीनवर उठावा लागतो. तो उठत नाही. आयुष्यभर खुरपं किंवा खडू धरलेल्या बोटाच्या रेषा सत्तरीत जवळपास गेलेल्या असतात. मग डावा अंगठा, मग तर्जनी, मग ओल्या रुमालाने पुसून परत. आमच्या शिपाईमामांची युक्ती अशी की बोट कपाळावर घासायला लावायचं. कपाळाचं तेल लागलं की मशीन निदान वाचायचा प्रयत्न तरी करतं. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, पण "डोळे मिचकवा" म्हटलं की आजोबा ते घट्ट मिटूनच घेतात.

२०२४च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे पैसे जमा व्हायला लागले तेव्हा तर दाराबाहेर मांडव घालायची वेळ आली होती. निम्म्या बायकांचे पैसे आलेले होते, पण दुसऱ्याच खात्यात. आधारला शेवटी जे खातं जोडलं असेल तिथे पैसे जातात. ते खातं कधीकाळी बचत गटासाठी उघडलेलं, पासबुक माहेरी. हे प्रत्येकीला नव्याने सांगायचं, आणि प्रत्येक जण माझ्याकडे असं बघणार की पैसे मीच खाल्लेत.

आता दुसरी बाजू. एक निवृत्त हेडमास्तर आपलं काम झाल्यावर घरी गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. दारापाशी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याला नाव विचारायचं, यादीत शोधायचं, चिठ्ठीवर पान आणि अनुक्रमांक लिहून द्यायचा. नुसतं पासबुक भरायला आलेल्यांना रांगेतून बाजूला काढायचं. पेनसुद्धा घरून आणलेलं, खिशाला दोऱ्याने बांधलेलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शाखाधिकाऱ्यांनी चहा पाठवला तर म्हणाले, "साखर कमी, आणि त्या मागच्या बाईंना आधी बसायला खुर्ची द्या."

पेन्शनरांचा मुलगा, सातारा

वरच्यांना : हेडमास्तर तुमच्या नशिबात होते. आमच्या शाखेत वडिलांना "दोन नंबरला जा" सांगितलं, दोन नंबरने चारला पाठवलं, चार नंबरची खुर्ची रिकामी. वडील ऐंशीच्या पुढचे. मला रजा टाकून जावं लागलं, आणि माझ्या ऑफिसात त्या रजेवरून वेगळं महाभारत. तुम्ही चांगले असाल, पण काचेच्या अलीकडून सगळे सारखेच दिसतात.

पुन्हा बँकेत काउंटरवर

चार नंबरची खुर्ची रिकामी होती कारण ती जागा भरलेलीच नसणार. आमच्याकडेही तसंच आहे. दोघांचं काम एक जण करतो आणि पाटी मात्र दोन्ही काउंटरांवर लटकते. निदान पाटी काढा, असं मी सुचवून पाहिलं. अजून लटकतेच आहे.

एसटी वाहक, बीड जिल्हा

सुट्टे पैसे. बाकी काही नाही, सुट्टे पैसे!

पंच आणि तिकिटाचा ट्रे होता तेव्हाही हेच होतं, आता मशीन आली तरी हेच. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं, गाडीत बाया दिसायला लागल्या. बाजाराला, दवाखान्याला, माहेराला. पण अर्ध्याचा हिशेब विचित्र येतो. सकाळी पहिल्या फेरीत सगळे पाचशेची नोट काढणार. मी म्हणणार सुट्टे द्या, ते म्हणणार तुम्हीच द्या. मी तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो. माणूस उतरताना विसरतो, आणि संध्याकाळी स्टँडवर गाठून म्हणतो, "सकाळचे माझे आठ राह्यले." राह्यले तर राह्यले, देतो. आता मोबाइलवर पैसे घेता येतात, पण घाटात रेंज नसते. ते चाक गोल गोल फिरत बसतं, आणि मागून ओरडतात, "अहो मास्तर, डबल मारा!"

मुक्कामी गाडीचं सांगतो. रात्री शेवटच्या गावाला गाडी लावायची, सकाळी पहिली फेरी काढायची. झोपायचं गाडीतच, रोकड उशाला. एका गावात थंडीच्या दिवसात पारापुढे गाडी लागायची. समोरच्या घरातली म्हातारी पहाटे चूल पेटवायची तेव्हा गरम पाण्याचं एक पातेलं जास्तीचं ठेवायची. पोराच्या हाती बादली पाठवायची, वर निरोप, "ड्रायव्हरला आधी दे, त्याला स्टेअरिंग धरवत नसेल." तिचं म्हणणं खरं होतं. पहाटेच्या गारठ्यात स्टेअरिंग बर्फासारखं लागतं. त्या घरातलं कुणी आमच्या गाडीने रोज जाणारंही नव्हतं. ड्यूटी बदलली, दुसरा मार्ग आला. नवीन वाहकाला मी चार्ज देताना बाकी काही सांगितलं नाही, म्हातारीचं घर तेवढं दाखवलं.

महिला वाहक, पश्चिम महाराष्ट्र

मास्तर, तुमचं सुट्ट्याचं आहेच. माझं वेगळं आहे. पाच-सहा तासांच्या फेरीत बाईमाणसाने जायचं कुठे? मोठं स्टँड असेल तर ठीक. फाट्यावर गाडी दहा मिनिटं थांबते तिथे पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात. मी पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात त्याचा त्रास होतो, डॉक्टरने बोलूनही झालं. आमच्या निम्म्या बायांना हाच आजार.

एका फाट्यावर रसवंतीवाल्या काकूंनी हे आपणहून ओळखलं. त्यांच्या घरामागे न्हाणीघर-संडास आहे. किल्ली रसाच्या गाड्याला खिळ्यावर लटकवलेली असते. गाडी थांबली की त्या बोलत काहीच नाहीत, नुसतं खिळ्याकडे बघतात. मी किल्ली घेते, परत आणून लावते. रसाचे पैसे मात्र चोख घेतात, आणि घ्यावेतच.

वायरमन, कोल्हापूर जिल्हा

आमच्या कामाचा ताप म्हणजे फोन. पहिला वळीव पडला की फांदी तारेवर, फीडर ट्रिप. सबस्टेशनला परमिट घ्यायचं, लाईन बंद करून घ्यायची, दोन्ही बाजूला अर्थिंग टाकायचं (म्हणजे तार जमिनीला जोडायची), मग खांबावर चढायचं. यात वेळ जातो. तेवढ्या वेळात अख्खं गाव फोन करतं. एकानं तर मी खांबावर असताना खालनं बोंब मारली, "फोन का उचलत न्हाईस?" बगा आता.

पण खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ते इथं लिहितोच, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. लाईन आमच्याकडनं बंद असते, पण कुणीतरी घरात जनरेटर लावतं किंवा इन्व्हर्टरचं वायरिंग चुकीचं केलेलं असतं. तो करंट मीटरमधनं उलटा तारेवर येतो. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर तो चढवून अकरा हजारच्या तारेवर पोचवतो. लाईन मेलेली म्हणून हात लावला, तर संपला माणूस. म्हणून अर्थिंग टाकल्याशिवाय आम्ही हात लावत न्हाई, आणि म्हणूनच उशीर होतो. जनरेटर असंल तर चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी लाईन न्हाईतर जनरेटर, एकच जोडलं जाईल. लग्नाच्या मांडवावाल्यांनी तर बसवाच बसवा.

चांगलं सांगायचं तर शेतकरी. ज्यांच्या पाळीला रात्रीची लाईट येते ती माणसं. गव्हाला पाणी पाजायला थंडीत रात्री जायचं, उसात बिबट्याची भीती, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली की त्यांनी मला शिव्या घातल्या तरी मी ऐकून घेईन. पण एका रात्री डीपीवर फ्यूज टाकायला गेलो तर ज्याचं रान होतं तो गडी बॅटरी घेऊन शेवटपर्यंत उभा राहिला. मी म्हटलं जा तू, झोप. तर म्हणतो, "तुमी वर बघून काम करणार, खालनं तुमच्या पायाकडं कोण बघणार?" साप निघतात तिथं, दगडाखाली ऊब असते. काम झाल्यावर शेंगा भाजून दिल्या. लाईट आली तशी मोटार चालू करायला पळाला, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

आशा, यवतमाळ जिल्हा

सगळे चांगुलपणाचं कौतुक करताय, करा. मला जरा खटकतं.

आम्ही पगारी नाही, स्वयंसेविका. कामाप्रमाणे मोबदला. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन घ्यायचं, ताप मोजायचा, नाळ बघायची, अंगावर पितं का बघायचं, आईला रक्तस्राव किती ते विचारायचं. सगळ्या भेटी झाल्या की त्या बाळामागे २५० रुपये. भेट चुकली, बाई बाळाला घेऊन माहेरी गेली, की कागद अडतो. सर्वेक्षण आलं की ते वेगळं, मोबाइलवर भरायचं ते वेगळं, तेच पुन्हा रजिस्टरमध्ये लिहायचं ते वेगळं. आणि मोबदला येतो तेव्हा कशाचा किती आला ते कुणी सांगत नाही, आमच्यावरची गटप्रवर्तक ताईपण डोक्याला हात लावते.

लोक चांगले आहेत, मला मान्य आहे. एका घरात सासू आधी दारातून आत घेत नव्हती, "बाळाला काट्यावर लटकवू नका, नजर लागते." मी झोळी तिच्या हातात दिली, म्हटलं तुम्हीच धरा, मी फक्त काटा वाचते. वजन भरलं एक किलो नऊशे. मी नुसतं लिहून सोडून दिलं असतं तर कुणी विचारलं नसतं, पण ते वजन कमी होतं, पोर अंगाला गार लागत होतं. १०८ला फोन केला. गाडी येईपर्यंत सासूनेच बाळाला उघड्या छातीशी धरून वर लुगडं गुंडाळलं, मी सांगितलं तसं. आज ते पोर अंगणवाडीत जातं. सासू मला येता-जाता हाक मारते, वालाच्या शेंगा देते, तुरी देते.

तुरीने मोबाइलचा रिचार्ज होत नाही, एवढंच माझं म्हणणं. भाजी देणाऱ्याचे उपकार आहेतच. पण ज्याने मोबदला द्यायचा त्याने तो वेळेवर द्यावा, म्हणजे मग मला त्या शेंगांचं मनापासून कौतुक करता येईल.

धागाकर्ती

आशाताई, पटलं. मी "हात दिला ते लिहा" म्हटलं तेव्हा हे डोक्यात नव्हतं. लिहीत राहा.

जिल्हा परिषद शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

दोनशिक्षकी शाळा. सकाळी परिपाठ झाला की व्हॉट्सॲपवर "अतितातडीचे". माहिती मागवलेली असते दुपारी तीनपर्यंत, आणि ती आधीच कुठल्या तरी पोर्टलवर भरलेली असते. आज किती मुलं जेवली ते रोज भरायचं, यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) मुलांचं नाव आधारशी जुळवायचं. आधारवर आडनावात एक वेलांटी वेगळी असली की पोर शाळेत बसलेलं असूनही यंत्रणेच्या लेखी सापडत नाही. त्यात मतदार यादीचं काम, सर्वेक्षण. शिकवणं उरलेल्या वेळात.

आमच्याकडे रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर, तीही पूर्वेच्या कोपऱ्यात. पावसाळ्यात छत्री मोबाइलवर धरून मी तिथे उभा असायचो. देवळाच्या गुरवाने एक दिवस कोपऱ्यात पत्रा ठोकला, खाली शाळेचंच एक मोडकं बाक आणून नीट करून ठेवलं. आता गावातले बाकीचेही तिथेच बसून फोन करतात, त्यामुळे कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते मला माहिती भरता भरता कळतं.

फोर्टमधल्या ऑफिसातून निवृत्त, डोंबिवली

तुम्ही सगळे आत्ताचं लिहिताय. आमच्या वेळी ताप एकच, मस्टर, म्हणजे हजेरीचं रजिस्टर. साडेदहाला साहेबाच्या टेबलावर जायचं, मग लाल शाई. तीन लेटमार्कला एक किरकोळ रजा कापायची. रेल्वेने उशीर केला तर रेल्वेचा दाखला आणा म्हणायचे. मुंबईत राहणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

गाडीतल्या बायांनी मला तारलं. ग्रुपच्या जागा ठरलेल्या, नवीन बाईला पहिले काही महिने उभंच राहायला लागायचं, त्यात दयामाया नाही. पण मला दिवस गेले तेव्हा, ज्या बाईशी माझं जागेवरून कडकडून भांडण झालेलं तिनेच ठाण्यापासून पुढे खिडकी माझ्या नावावर करून टाकली. कुणी बसायला लागलं की ओरडायची, "ती दोघांची जागा आहे!" डोहाळजेवण डब्यातच झालं. मटारच्या करंज्या होत्या, आणि ओटी भरताना कुर्ला आलं म्हणून सगळ्या घाईत.

२६ जुलै २००५चं सगळ्यांनी लिहून झालंय, मी एवढंच लिहिते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही चौघी फोर्टहून चालत निघालो. रात्री सायनच्या पुढे एका चाळीत शिरलो, तिथल्यांनी आत घेतलं, कोरड्या साड्या दिल्या. दोन दिवसांनी ऑफिसला गेले तर त्या दिवशी लवकर निघाल्याबद्दल अर्धी रजा लावलेली! ती मी भांडून परत मिळवली. साडी नेऊन द्यायला गेले तर त्या बाई घेईनात. शेवटी त्यांच्या मुलीसाठी म्हणून ठेवून आले.

आयटी, हिंजवडी

९० दिवसांचा नोटीस पिरियड, रात्री साडेदहाचा "क्विक कॉल", यावर सगळ्यांचं लिहून झालं असेल. मी पीएफचं लिहितो.

जुनी कंपनी सोडली, पैसे ट्रान्स्फर करायला गेलो तर पोर्टलवर "डेट ऑफ एक्झिट" (नोकरी सोडल्याची तारीख) रिकामी. ती टाकायची कंपनीने. कंपनीचा एचआर बदललेला, मेलला उत्तर नाही, फोनवर "तिकीट रेज करा", आणि तिकीट रेज करायला कंपनीचं लॉगिन हवं, जे नोकरी सोडली त्या दिवशी बंद झालं. हसू नका.

सोडवलं कुणी, तर त्याच कंपनीतल्या जुन्या एचआरवाल्या मॅडमनी. त्यांनीही नोकरी सोडलेली, मी लिंक्डइनवर मेसेज टाकला, अपेक्षा शून्य. त्यांचा फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या, पोरगं रडतंय. म्हणाल्या, लॉगिन करा, मी सांगते तसं दाबा. २०२०पासून सभासदाला ही तारीख स्वतःच टाकता येते, नोकरी सोडून दोन महिने झालेले असले की झालं. आधारला मोबाइल जोडलेला हवा, ओटीपी येतो. "मॅनेज"मध्ये "मार्क एक्झिट". पाच मिनिटांत काम झालं. मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, "अजून कुणी अडकलं असेल तर माझा नंबर देऊ नका हं, तुम्हीच सांगा." म्हणून सांगतोय.

आईच्या वतीने, पुणे

माझी आई पाच घरी पोळ्या आणि भांडी करते. ती सांगतेय, मी टाइप करतेय.

"आधी वॉचमन ओळखायचा. आता गेटवर नंबर सांगायचा, मग वरच्या बाईंच्या मोबाइलवर वाजतं. बाईंनी बघितलं नाही की मी उन्हात उभी. मग वर गेले की म्हणणार, मावशी आज उशीर. आता तुमच्याच मोबाइलनी केला की उशीर! लिफ्ट वेगळी आहे, ती बंद पडली की दुसऱ्या लिफ्टने जायचं का नाही हे वॉचमनला विचारायचं. नवव्या मजल्यावर चढून पोळ्या लाटून बघा म्हणावं.

"एका घरी आजी आहेत, त्यांना दिसत नाही फारसं. त्यांच्याकडे मी शेवटी जाते. त्या आधी ताट वाढून ठेवतात, माझं. त्यांच्यासारखंच ताट, त्यांच्याच टेबलावर. मी खाली बसले तर ओरडल्या, 'मला खाली बघता येत नाही, मान दुखते, वर बस म्हणजे बोलता येईल.' त्यांची सून आधी बघत राहायची. आता तीही बसते कधी कधी. दिवाळीला पूर्ण पगार देतात, जास्तीचा. पण मला ते टेबलाचं जास्त."

(आई हे लिहू नको म्हणाली होती, पण लिहिते : त्याच सोसायटीत दुसऱ्या घरी तिचा कप अजून वेगळा आहे, कान तुटलेला.)

डिलिव्हरी, ठाणे

ऑर्डर द्यायला वर जायला पार्किंग नाही, वॉचमन गाडी आत सोडत नाही, ग्राहक खाली येत नाही, आणि उशिराचं रेटिंग मला. पावसात एका आजोबांनी दार उघडल्या उघडल्या टॉवेल पुढे केला. मी म्हटलं राहू द्या, खाली गेलो की परत भिजणारच. तर म्हणाले, "मग मोबाइल तरी पूस."

ई-सेवा केंद्र, अहिल्यानगर जिल्हा

आमचा सीझन आता सुरू होतो, दहावी-बारावीच्या निकालानंतर. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर. सगळ्यांना उद्या हवं. फोटो २० केबीच्या आत बसवायचा, रेशनकार्डाचा स्कॅन वाचता आला पाहिजे पण मोठाही नको. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, वडील उसात, मोबाइल आईच्या पिशवीत, पिशवी घरी. सर्व्हर बंद असला तरी ऐकून मीच घ्यायचं, कारण समोर मीच बसलेलो असतो. मागे एका भाऊंनी लिहिलंय ना काचेच्या अलीकडून सगळे सारखे दिसतात, ते बरोबर आहे. माझ्याकडे तर काचही नाही.

एका वर्षी एका मुलीचा प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि दाखला साहेबांच्या सहीसाठी अडकलेला. तिचे वडील मिल बंद झाल्यावर हमाली करणारे. मी तहसीलमधल्या ओळखीच्या क्लार्कला फोन केला. ते रजेवर, मुलाचं जावळ होतं घरी. त्यांनी जेवणावळीतून उठून ऑफिसातल्या दुसऱ्याला फोन लावला, अर्जाचा नंबर उतरवून घ्यायला लावला, सही होईपर्यंत तीनदा विचारलं. पैसे नाही, ओळख नाही, मुलगी कोण तेही माहीत नाही. दाखला संध्याकाळी आला. मुलीने मला पेढे आणले, ते मी त्यांच्याकडे पोचवले. त्यांना मधुमेह निघाला.

पेन्शनरांचा मुलगा, सातारा

ई-सेवावाले भाऊ, एक विचारतो. मुलीची बारावी झालीय. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे, तो चालेल का?

ई-सेवा केंद्र, अहिल्यानगर जिल्हा

नाही चालणार. त्यावर खालीच लिहिलेलं असतं, ३१ मार्चपर्यंत वैध. नवीन काढा. आणि मुलगी ओबीसीत वगैरे असेल तर नॉन क्रिमीलेयरसाठी तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, मग एक वर्षाचा काढून पुन्हा तीन वर्षांचा काढत बसू नका, आधीच तीनचा घ्या. तलाठ्याचा अहवाल असेल तर बरोबर न्या. सोमवारी सकाळी जा, दुपारी सगळीकडे गर्दी असते.

पेन्शनरांचा मुलगा, सातारा

सोमवारी रजा टाकावी लागेल. बघतो.